जुने पाणी

आमच्या नगर जिल्ह्याच्या पोटात कोळसा नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. जमीन मात्र होती तीच आहे. वर हात-दोन हात माती, मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण, आणि त्या पाषाणाखाली पुन्हा पाषाणच. हा सारा लाव्ह्याचा थर आहे, असे मी वर्षानुवर्षे मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवीत आलो आहे. तेव्हा आमच्याकडचा माणूस जमीन खणतो ती एकाच गोष्टीसाठी. पाण्यासाठी. पहार, टिकाव आणि सुरुंग यांनी तो पाषाण फोडतो, यारीने दगड वर ओढतो, कर्ज काढतो, आणि तळाशी बोटभर ओल दिसली तरी नारळ फोडतो.

विदर्भात चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या बाजूला जमीन खणतात ती कोळशासाठी. तिथली गोष्ट अगदी उलटी. ज्या पाण्यासाठी आम्ही देव पाण्यात घालून बसतो, त्याच पाण्याचा आवाज भुयारात ऐकू आला तर तिथला माणूस हातातले हत्यार टाकून पळत सुटतो.

आता नगरच्या मास्तराला कोळशाच्या खाणींशी काय करायचे आहे, असे कोणी विचारील. तसे पाहिले तर आमचे आणि कोळशाचे नाते जुने आहे. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली, आणि नगरच्या माळावरून कोळशाचा धूर धावू लागला. माझी आजी सांगे की, तिच्या लहानपणी पोरी टोपल्या घेऊन रुळांच्या कडेने हिंडत आणि इंजिनातून पडलेला अर्धा जळालेला कोळसा वेचून आणीत. लोहाराच्या भात्यापुढे तो कोळसा लाल होई तेव्हा तो कोठून आला, कोणी खणला, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे. इंजिने गेली, धूर गेला. कोळसा मात्र गेला नाही. तो तारेतून येऊ लागला. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे, आणि त्याचे सारे पोट कोळशावर आहे. दिवाळीत आमच्या ओट्यावर आकाशकंदील लागतो, त्याच्या तारेचे दुसरे टोक धरून चालत गेले तर माणूस कोठेतरी विदर्भातल्या खाणीच्या तोंडाशी जाऊन उभा राहील.

मी तिकडे गेलो तो मात्र तारेच्या ओढीने नव्हे. थोरल्या भावाची मुलगी नागपूरकडे दिलेली आहे. तिचे सासरे कामठीच्या बाजूच्या एका खाणीत मायनिंग सरदार होते. आता निवृत्त होऊन घरी असतात. त्या वेळी माझ्या एका कादंबरीत खाणीत काम करणारा माणूस यायचा होता, आणि पुस्तके वाचून त्याचे हातपाय हलेनात. म्हणून दसऱ्याच्या सुटीत चार दिवस व्याह्यांकडे जाऊन राहिलो. रोज संध्याकाळी अंगणात बाज टाकून आम्ही बोलत बसत असू. मी वहीत लिहून घेत असे, आणि व्याही मधूनमधून माझ्या वहीकडे संशयाने पाहत.

एकदा मी त्यांना विचारले, "व्याहीबुवा, खाली सगळ्यांत भीती कशाची? वायूची ना?"

ते म्हणाले, "वायूले आमी तेवढं भेत नोहतो, गुरुजी. वायू दिव्याले समजते. ज्योत निळी होते, उंच होते, ते पाहून मानूस मांगं फिरते. पन जुनं पानी दिव्याले समजत नाही."

"जुनं पाणी म्हणजे?"

"म्हंजे आपल्या आदी कोनी खोदून सोडून देल्लं, त्याच्यात भरलेलं पानी. कोळशाले घाम सुटला, हवा थंडी लागाले लागली, सडका वास आला, का समजाचं मांगं पानी हाये. तवा पुढं एक घाव नाही घालाचा."

कोळशाला घाम सुटतो हे मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. कादंबरीतला माझा माणूस त्या संध्याकाळी चालू लागला. परंतु 'जुने पाणी' हे दोन शब्द कादंबरीपुरते राहिले नाहीत. पुढे कोळशाच्या खाणींतल्या मोठ्या दुर्घटनांची हकीगत जसजशी वाचीत गेलो, तसतसे ते पुन्हापुन्हा समोर येऊ लागले.

ते पाणी कसे साठते हे आधी सांगितले पाहिजे. जमिनीखालच्या पुष्कळशा खाणींत कोळशाचा सगळा थर एकदम काढीत नाहीत. थरातून गल्ल्या पाडीत जातात, आणि मधले चौकोनी खांब छत तोलण्यासाठी तसेच ठेवतात. वरून पाहता आले असते तर ते आडव्या-उभ्या गल्ल्यांचे एखादे गावच दिसले असते. कोळसा संपला किंवा परवडेनासा झाला, की माणसे ते गाव सोडून जातात. पंप थांबतात. पाऊस झिरपतो, झरे पाझरतात, आणि दहा-वीस वर्षांत ते सारे गाव पाण्याने भरून जाते. वर शेत असते, गुरे चरत असतात. कोणाला काही दिसत नाही. मग केव्हातरी नवे लोक येतात, शेजारून किंवा खालच्या थरातून नव्या गल्ल्या पाडू लागतात. नव्या गल्लीत आणि जुन्या पाण्यात कोळशाची एक भिंत उरते. ती किती जाड आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त नकाशा सांगतो. नकाशा चुकीचा असला, अपुरा असला, किंवा असून कोणी पाहिला नाही, तर एखाद्या पाळीला शेवटचा सुरुंग उडतो आणि भिंत जाते.

१० डिसेंबर १९५४ रोजी न्यूटन चिखली येथे असेच झाले. हे ठिकाण छिंदवाडा जिल्ह्यात परासियाजवळ आहे. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, तेव्हा ती दुर्घटना नागपूरच्या सरकारच्या हद्दीतली. त्याच छिंदवाड्याच्या दक्षिणेला सौसर-पांढुर्णा हा मराठी बोलणारा मुलूख. जुन्या, सोडून दिलेल्या कामात साठलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि ६३ माणसे मेली. त्या दिवशी शुक्रवार होता. खाणीच्या तोंडाशी जमलेल्या बायकामाणसांत गोंडी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांतला आक्रोश मिसळला असेल, असे मला त्या भागातून हिंडताना वाटत राहिले.

प्रत्येक खाणीत एक दिवाघर असते. पाळीला जाताना कामगार तिथून आपल्या नंबरचा दिवा घेतो आणि वर आल्यावर परत करतो. कोण खाली राहिले हे कळायला हाक मारावी लागत नाही. रिकामी राहिलेली जागा मोजली की पुरते. हजेरीपटावर रोज खुणा करणाऱ्या मला त्या रिकाम्या जागांचा हिशेब फार जवळचा वाटतो.

न्यूटन चिखलीनंतर एकवीस वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९७५ रोजी, नागपूर जिल्ह्यातल्या सिलेवाडा येथील खाणीत पाणी शिरून १० जण मेले. ही बातमी ताजी असतानाच, अवघ्या एकोणचाळीस दिवसांनी, २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी फुटले. वरच्या बाजूला जुन्या कामात साठलेला पाण्याचा प्रचंड साठा खाली कोसळला, आणि सुमारे पावणेचारशे माणसे गेली. आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या खाणदुर्घटनांपैकी ही एक. 'काला पत्थर' हा चित्रपट १९७९ साली आला तो हिच्याच आधाराने, म्हणून निदान हिचे नाव तरी लोकांना ठाऊक आहे. सिलेवाड्याचे नाव नागपूरबाहेर कोणाला सांगता येत नाही. दहा माणसांवर चित्रपट निघत नाही.

चासनालानंतर तरी हे थांबायला हवे होते. पण २ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच झरिया कोळसाक्षेत्रात बागडिगी येथे शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीचे पाणी आत आले आणि २९ जण बुडाले. मेघालयात क्सान येथे १३ डिसेंबर २०१८ रोजी पंधरा जण अडकले. तिथल्या खाणी म्हणजे उंदराच्या बिळांसारखी भोके. २०१४ पासून हरित लवादाने त्यांना बंदी केलेली. जी खाण कायद्याने अस्तित्वातच नाही तिचा नकाशा कोण काढणार? शेजारी अशीच किती बिळे पाण्याने भरून पडली आहेत याची नोंद कोण ठेवणार?

मला या साऱ्या हकिगतींत आमच्या गावचा एक म्हातारा वडार आठवत असे. त्याने उभ्या आयुष्यात शंभरावर विहिरी खणल्या. विहिरीची जागा पानाड्याने दाखवून दिली, मालकाने नारळ फोडला, तरी हा लगेच पहार उचलीत नसे. आधी गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसे. त्यांच्याकडून तंबाखू घेई आणि हळूच विचारी, "दादा, हितं कुणाचा जुना आड व्हता का? बुजवलेली बारव, खाण, काय व्हतं का?" एकदा मी त्याला म्हणालो, "बाबा, जमीन तर कोरी दिसतेय. एवढी चौकशी कशाला?"

तो म्हणाला, "गुर्जी, जमीन कधी कोरी नसती. आपल्या आधी कुणी ना कुणी खणून गेलेलं असतंय. त्याची भिंत आपल्याला ठावं पायजे. न्हाय तर नव्या विहिरीत जुनं पाणी अंगावर येतं, आन मानसाला वर यायला दोर गावत न्हाय."

हा माणूस शाळेची पायरी चढला नव्हता, आणि आमचे व्याही मायनिंग सरदारकीची परीक्षा पास झालेले. दोघांची कधी गाठ पडली नाही. तरी दोघांच्या तोंडी 'जुने पाणी' हेच शब्द. इंग्रजीत जाडजूड नियमावल्या आहेत. त्यांतला एक नियमही थोडक्यात हेच सांगतो. आपल्याकडच्या कोळसा खाण नियमावलीप्रमाणे पाणी साठलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीवाचून पुढे जाता येत नाही, आणि जायचे झाल्यास आधी पुढे लांब भोके पाडून पाणी आहे की नाही हे तपासावे लागते. म्हाताऱ्यांकडे बसून तंबाखू घेणे आणि पुढे भोक पाडून पाहणे, हे मूळचे एकच काम आहे.

खाणींचे नियम मी जसजसे वाचले, तसतशी त्यांच्याविषयी मला वेगळीच आपुलकी वाटू लागली. सर्वसाधारणपणे नियम म्हटला की आपल्याला कंटाळा येतो. शाळेच्या भिंतीवर टांगलेले नियम कोण वाचतो? पण खाणीच्या प्रत्येक नियमाखाली माणसे पुरलेली आहेत. इंग्लंडात फेलिंग येथे २५ मे १८१२ रोजी वायूचा स्फोट होऊन ९२ जण मेले, त्यांत लहान मुलेही होती. तेव्हा लोकांनी आरडाओरड केली, आणि १८१५ साली हम्फ्री डेव्ही याने जाळीत बंदिस्त केलेला, वायू न पेटविणारा दिवा केला. व्याही ज्या निळ्या ज्योतीविषयी बोलत होते ती या दिव्यातली. त्यातही एक गंमत म्हणा की दैवदुर्विलास म्हणा, असा आहे की दिवा सुरक्षित झाला म्हणून मालकांनी पूर्वी सोडून दिलेल्या, वायूने भरलेल्या भागांतही माणसे पाठवायला सुरुवात केली. तेव्हा दिवा आला, तरी मरणे थांबली नाहीत.

१८६२ च्या जानेवारीत हार्टली येथे पंपाच्या इंजिनाची प्रचंड तुळई मोडून खाणीच्या एकमेव विहिरीत कोसळली. आत जायला आणि बाहेर यायला तेवढीच एक वाट. ती बुजली आणि खालची माणसे गुदमरून मेली. एकंदर २०४ गेले. त्याच वर्षी कायदा झाला, की प्रत्येक खाणीला दोन वाटा हव्यात. फ्रान्समध्ये कुरिएर येथे १० मार्च १९०६ रोजी १०९९ माणसे मेली. तिथे स्फोट भुयारांतून मैलोगणती पसरला तो कोळशाच्या धुळीमुळे. वीस दिवसांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तेरा जण अंधारातून चाचपडत बाहेर आले. कोळशाची धूळच दारूसारखी पेटते, तेव्हा तिच्यावर दगडाची पूड टाकून तिला मारून ठेवली पाहिजे, या धड्याला तिथून जोर आला. तो धडा सगळ्या जगाच्या पुस्तकांत छापला गेला. आणि तरीही २८ मे १९६५ रोजी आपल्या बिहारात धोरी येथे धुळीच्या स्फोटात २६८ माणसे मेली. कुरिएरला तेव्हा एकोणसाठ वर्षे झाली होती.

मला वाटते, या इतिहासातली सर्वांत भयंकर गोष्ट मृतांचा आकडा ही नाही. आकड्यांतच जायचे तर मांचुरियातल्या बेन्शिहू येथे, जपानी ताब्यातल्या खाणीत, २६ एप्रिल १९४२ रोजी १५४९ माणसे मेली. आग विझावी म्हणून आतली हवाच बंद केली गेली, आणि पुष्कळ जण धुराने गुदमरले. त्याहून वर कोणताही आकडा नाही. परंतु मला सर्वांत अस्वस्थ करते ती एक लहानशी दुर्घटना. यॉर्कशायरमध्ये लॉफ्टहाउस खाणीत २१ मार्च १९७३ रोजी एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या कामाचे पाणी फुटले आणि ७ जण मेले. जुनी विहीर जवळ आहे हे खाणीच्या मोजणीदारांना माहीत होते. ती एवढी खोल नसावी असे त्यांनी धरले होते. चौकशीत निघाले की, तिची माहिती लीड्स शहरातल्या भूगर्भसंस्थेच्या जुन्या कागदांत नोंदलेली होती. कोणीतरी इमानाने ती लिहून ठेवली होती. कागद शाबूत होता, अक्षर शाबूत होते. फक्त तो कागद कोणी उघडून वाचला नव्हता.

लिहिणे आणि वाचणे हाच माझा धंदा असल्यामुळे असेल, पण ही हकीगत मला सोडीत नाही. आपण म्हणतो, लिहून ठेवले की विसरण्याचे भय नाही. वास्तविक लिहिणे हे निम्मेच काम. जो खाली उतरणार आहे त्याच्यासाठी कोणीतरी ते उघडून वाचले, तरच त्या लिहिण्याची भिंत होते.

आणि अ‍ॅबरफॅनविषयी न लिहिता मला पुढे जाता येत नाही. वेल्समधले हे खाणकामगारांचे गाव. खाणीतून निघालेली निरुपयोगी माती आणि गाळ डोंगरावर टाकून त्याचे ढीग केलेले होते. सातव्या नंबरचा ढीग ज्या जागी घातला तिच्याखाली झरा होता, आणि तिथले झरे छापील नकाशांत दाखविलेले होते. ढिगांचा गाळ शाळेमागे येऊन राहिला आहे, अशी काळजी आधी दोन-तीन वर्षे लेखी कळविण्यात आली होती. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, शुक्रवारी सकाळी, शाळा नुकतीच भरली असताना तो पाण्याने भिजलेला ढीग घसरला आणि शाळेवर आला. १४४ जण मेले. त्यांत ११६ मुले. पाच शिक्षकही होते. चौकशी मंडळाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला.

आमच्या शाळेत सकाळी प्रार्थना संपून मुले वर्गात बसतात, दप्तरे उघडतात, कोणी पेन्सिलीला टोक करीत असतो. तो पाच-दहा मिनिटांचा वेळ मला दिवसातला सर्वांत निर्धास्त वेळ वाटत आला आहे. अ‍ॅबरफॅनच्या मुलांचा तोच वेळ होता. त्यांचे बाप रोज जमिनीखाली जात, आणि पोरे वर उजेडात आहेत म्हणून आया निश्चिंत असत.

अशा वेळी आपल्या भाषेत एक शब्द फार सोयीचा आहे: अपघात. आणखी एक आहे: दैव. खाणीत मेलेल्यांविषयी बोलताना हे दोन्ही शब्द भराभर तोंडात येतात. वीज पडून माणूस गेला तर दैव म्हणावे. साप चावून गेला तर म्हणावे. तिथेही दवाखाना किती दूर होता हे विचारावेच लागते. पण कोळशाच्या भिंतीला घाम सुटलेला दिसत असताना 'आजचा कोळसा निघालाच पाहिजे' म्हणून पुढे घाव घालायला लावला, तर त्याला दैव म्हणणे हा दैवावर अन्याय आहे. दैवाला तोंड नाही, म्हणून आपण त्याच्या नावावर वाटेल ते लिहितो.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे, आणि ती सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी बंगालमध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत असेच वरच्या जुन्या कामाचे पाणी आले. त्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा होती. ७१ माणसे खाली अडकली. त्यांतली ६ मेली. उरलेली ६५ माणसे पाण्याने वेढलेल्या उंच भागात जीव धरून होती. जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीतून नवे भोक पाडून त्यातून माणूस मावेल एवढे पोलादी पिंप सोडण्याचा बेत केला. ते पिंप तयार झाले तेव्हा ते स्वतःच त्यात बसून खाली गेले, आणि एकेकाला वर पाठवून शेवटी आपण आले. पासष्टच्या पासष्ट माणसे जिवंत वर आली. त्यांच्या धैर्याची स्तुती पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र आणखीही एक गोष्ट दिसते. शेतात उभे राहून भोक नेमके कोठे पाडायचे हे कोणाला दिसत नाही. चार हात इकडे झाले तर भोक कोळशाच्या खांबात जाईल. ती जागा मोजणीदाराच्या कागदावरच सापडते. म्हणजे चासनालाला ज्या कागदाची गरज होती, त्याच जातीच्या कागदाने इथे पासष्ट घरांतले दिवे राखले.

हे सगळे मनात घोळत असतानाच मी गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना एक काम दिले. भूगोलाच्या पुस्तकात गावाचा नकाशा काढायला सांगितलेला असतो. मुले चावडी, देऊळ, शाळा आणि ओढा दाखवून मोकळी होतात. मी म्हटले, या वर्षी गावातले जुने आड, बुजलेल्या विहिरी, सोडून दिलेल्या दगडखाणी आणि फसलेली बोअरची भोके दाखवायची. त्यासाठी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचे. मुले पंधरा दिवस हिंडली. एकीच्या पणजीने चुलीपाशी बसल्याबसल्या तीन आड सांगितले. एका जागेवरून दोन आजोबांत भांडण झाले आणि मग मुलांनी पहारीने टोचून खात्री केली. एक बोअरचे भोक गोणपाट आणि काट्या टाकून झाकलेले होते, आणि त्याच्याशेजारून रोज अंगणवाडीची वाट जात होती. ते आता सिमेंटने बंद केले आहे. नकाशात सगळ्या मिळून एकोणीस जागा निघाल्या. तो नकाशा आम्ही वर्गात लावला, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत दिली.

तिथे एका सदस्याने तो पाहून म्हटले, "गुरुजी, हे नसलेल्या गोष्टींचं कशाला चित्र?" मी त्यांना क्सानची हकीगत सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आमच्या वस्तीवरचा एक आड राहिलाय यात." ती विसावी खूण.

दिवाळीच्या अंकात असल्या मरणाच्या गोष्टी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे करतो आणि यमाला दाखवतो, तो अपमृत्यू टळावा म्हणूनच ना? म्हातारपणी येणाऱ्या मरणासाठी ती प्रार्थना नाही. वेळेआधी येणाऱ्या, येण्याचे काही कारण नसलेल्या मरणासाठी आहे. खाणीतले मरण त्या जातीचे. न्यूटन चिखलीचे ६३, सिलेवाड्याचे १०, बागडिगीचे २९, ही सगळी कामाला गेलेली, संध्याकाळी घरी यायची माणसे होती.

विदर्भातल्या जमिनीखालच्या खाणी आता पुष्कळशा उघड्या खाणी झाल्या आहेत. डोंगरच्या डोंगर यंत्रांनी हलविले जातात. तिथे पाण्याऐवजी कडे कोसळते. २४ जून २००० रोजी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कावडी येथील उघड्या खाणीत अशीच कड ढासळून १० जण गेले. आणि ज्या खाणी बंद झाल्या, त्यांतले पंप थांबले आहेत. त्यांच्या गल्ल्यांत पाणी चढत आहे. आजचे नवे पाणी हे पन्नास वर्षांनी तिथे येणाऱ्या कोणासाठी जुने पाणी होणार. तो माणूस कोण असेल हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित तो आज कोठे तरी सातवीत बसून नकाशा रंगवीत असेल. त्याच्यासाठी आज कागदावर ओढलेली रेघ खरी असली पाहिजे, आणि त्या दिवशी तो कागद काढून त्याच्यापुढे ठेवणारे कोणीतरी असले पाहिजे.

यंदा आमच्याकडे यमाचा दिवा लावताना घरातल्यांच्या नावांपुढे मी त्याचेही नाव घेणार आहे. नाव माहीत नाही, म्हणून 'खाली उतरणारा' एवढेच म्हणेन.